सेन्सर विकत घेण्याआधी: चेक इंजिनच्या दिव्यामागचं सर्किट कसं तपासावं

पावसाळा सरत आला की बडोद्याच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, "बेन, सेन्सर ऊडी गयुं छे, नवुं नाखी दईए." डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला असतो, स्कॅनरने पी०११८ असा काहीतरी कोड दाखवलेला असतो आणि त्याच्या वर्णनात 'कूलंट टेंपरेचर सेन्सर' असं लिहिलेलं असतं. सेन्सर बदलला जातो. कधी दिवा जातो, कधी आठवड्याने परत येतो, आणि मग दुसरा, 'ओरिजिनल' सेन्सर आणायचा सल्ला मिळतो.

त्या वर्णनाची ओळ मात्र पुढेही असते: '…सेन्सर सर्किट, हाय इनपुट'. म्हणजे तक्रार अख्ख्या सर्किटची आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचा कपलर (वायरींना सेन्सरशी जोडणारा प्लग) आला, कपलरातल्या पिना, दोन किंवा तीन वायरी, अर्थ (म्हणजे करंट परत जायची वाट) आणि दुसऱ्या टोकाला इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम. कॉम्प्युटरला फक्त आपल्या पिनेवर आलेला व्होल्टेज कळतो. वाटेत वायर उंदराने कुरतडली आहे की सेन्सर मेला आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते आपण शोधायचं. यात अवघड असं फार काही नाही, क्रम मात्र पाळावा लागतो.

आपल्या शहरात या बिघाडाला पाण्याची जोड आहे. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, अकोटा, वडसरकडे कित्येक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या, काही विकल्याही गेल्या. कपलरात शिरलेलं पाणी सुकतं, पण पिनांवर हिरवट चढ सोडून जातं आणि तो चढ महिन्यांनी त्रास द्यायला लागतो. जुनी गाडी घेतली असेल तर पायाखालचा गालिचा उचलून सीटचे बोल्ट आणि खालचे कपलर एकदा बघाच.

काय लागेल

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र), फोनवर त्याचं ॲप, आणि डिजिटल मल्टिमीटर. दोन्ही वस्तू काही शे रुपयांत मिळतात. आयफोन असेल तर त्याला जुळणारा अडॅप्टर आहे का, ते विचारून घ्या. सोबत कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बारीक टाचण्या, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून २.२ किलोओहम आणि ३३० ओहमचे दोन रेझिस्टर. रेझिस्टरला एक-दोन रुपये पडतात. पुढे सगळ्यात जास्त काम तेच करतील. बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र सेन्सरच्या वायरींना लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएमचं आतलं सर्किट जाळू शकतो.

काम थंड इंजिनवर करा, हँडब्रेक ओढलेला असू दे. गाडी सीएनजीची असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. त्या नळ्यांत २०० बारच्या आसपास दाब असतो, तिकडे हात घालायचं आपल्याला कारणच नाही. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या, नारिंगी हायब्रिडच्या हाय व्होल्टेजच्या. दोन्हींना स्पर्श करायचा नाही. डिझेलच्या इंजेक्टरच्या वायरींवरही मीटर लावू नका, तिथला व्होल्टेज १२च्या कितीतरी वर जातो. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कोड वाचण्यापलीकडे काहीच करू नका. वायर कापली की हक्क गेला.

कोड उतरवून घ्या, पुसू नका

भारतात एप्रिल २०१३पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या कुठल्याही गाडीत स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी १६ पिनांचा सॉकेट सापडतो. अडॅप्टर लावा, इग्निशन ऑन करा आणि सगळे कोड कागदावर उतरवा. 'फ्रीझ फ्रेम' नावाचं पान असेल तर त्याचा फोटो काढा. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, हे त्यात असतं आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं. उत्साहाच्या भरात लोक पहिल्यांदा 'क्लिअर' दाबतात आणि सगळा पुरावा घालवून बसतात.

शेवटचे शब्द नीट वाचा. 'लो' म्हणजे ईसीएमला व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी दिसतोय, बहुतेक वेळा वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली असते. 'हाय' म्हणजे व्होल्टेज वर चिकटला आहे, बहुतेक वेळा वायर किंवा पिन सुटलेली असते. 'रेंज/परफॉर्मन्स' असेल तर सर्किट शाबूत आहे पण आकडा पटत नाही. तिथे थर्मोस्टॅट, हवेची गळती असल्या यांत्रिक गोष्टी आधी बघायच्या. तो वेगळा विषय आहे.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले असतील तर आनंद माना. चार सेन्सर एकदम मरत नाहीत. सगळ्यांची अर्थ वायर एक असेल, नाहीतर सगळ्यांना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा एक असेल, आणि दोष त्या सामायिक जागी असेल.

आधी डोळे, मग मीटर

बॅटरीपासून सुरुवात करा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.५ ते १४.७. बॅटरी मेलेली असेल किंवा तिची टर्मिनलं पांढऱ्या बुरशीने भरली असतील तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात. निगेटिव्हची जाड केबल बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने लागते ते दोन्ही टोकंही बघा.

मग कोडातल्या सेन्सरपासून वायरीचा माग हाताने आणि टॉर्चने घ्या. कूलंट टेंपरेचर सेन्सर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरापाशी, सिलिंडर हेडच्या टोकाला असतो. वायरीची नळी कुठे घासते, एक्झॉस्टजवळ कुठे वितळली आहे, हे पाहा. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर निम्मं निदान तिथेच झालं. दांडिया बाजाराच्या जुन्या वाड्यांत गाडी धान्याच्या कोठीशेजारी उभी राहते, आणि थंडीत गरम इंजिन म्हणजे उंदराला आयतं घर. खारीही कमी नाहीत.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याच्या वायरी जिथे कंपनीच्या वायरींना जोडल्या आहेत ते जोड सर्वांत आधी शोधा. किटवाले इंजेक्टरच्या, कधी आरपीएमच्या आणि मॅप सेन्सरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) वायरीतून सिग्नल घेतात. इन्सुलेशन सोलायचं, वायर गुंडाळायची, वरून काळी टेप. उन्हाळ्यात टेपेचा डिंक वितळतो, पावसाळ्यात आत ओल जाते. माझ्या मते गुजरातेतल्या पाच-सात वर्षं जुन्या सीएनजी गाडीत 'सेन्सर गेला' ऐकलं की पहिला संशय या टेपेवर घ्यावा. दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवून कोड येतो का तेही बघा.

कपलर काढा, आकडा बघा

आता मुख्य चाचणी. उदाहरणाला कूलंट टेंपरेचर सेन्सरच घेऊ, कारण त्याला दोनच वायरी असतात आणि तो कळला की बाकीचे कळतात.

आत एक थर्मिस्टर असतो. थंड असताना त्याचा रोध जास्त, गरम झाल्यावर कमी. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते अडीच किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. ईसीएम आपल्या आतल्या रेझिस्टरमधून एका वायरीवर पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी वायर अर्थ. सेन्सर जितका गरम, तितका हा व्होल्टेज खाली ओढला जातो. वायर तुटली तर खाली ओढणारं कोणी उरत नाही, पाचच्या पाच व्होल्ट राहतात आणि कॉम्प्युटर त्याचा अर्थ उणे ४० अंश असा लावतो. मे महिन्यात बडोद्यात उणे ४०! मग तो बिचारा भरमसाट पेट्रोल ओततो. गाडी गरम असताना सुरू व्हायला कटकट करते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन करताच रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो आणि एसी बंद पडतो, कारण खरं तापमान कळत नाही म्हटल्यावर ईसीएम इंजिन वाचवायच्या मागे लागतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन सुरू न करता, फोनवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत, तीन-चार अंशांचा फरक चालेल. त्यानंतर कोडाप्रमाणे दोन वाटा.

पी०११८, म्हणजे 'हाय', असेल तर फोनवर आधीच उणे ४० दिसत असेल. इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढा. त्याचं लॉक दाबून काढायचं, वायर धरून ओढायचं नाही; उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक लगेच तुटतं. कपलरच्या दोन पिनांमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर अलगद टेकवा आणि इग्निशन ऑन करा. आकडा २०-२५ अंशांच्या आसपास आला तर वायरी आणि ईसीएम दोन्ही ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा सेन्सरच्या पिनांमध्ये. ३३० ओहम लावल्यावर ८०च्या जवळ जायला हवं. दोन्ही वेळा उणे ४० हलतच नसेल तर नवा सेन्सर आणून काही होणार नाही, दोष वायरीत आहे.

पी०११७, म्हणजे 'लो', असेल तर उलट. फोनवर थंड इंजिनचं तापमान १३०-१४० दिसत असेल. नुसता कपलर काढा. आकडा उणे ४०वर पडला तर सेन्सर आतून शॉर्ट आहे, बदला. तसाच वर राहिला तर सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

काही गाड्यांचा ईसीएम दोष पकडल्यावर खऱ्या आकड्याऐवजी स्वतःचा एक ठरावीक आकडा दाखवत राहतो. कपलर काढा-लावा करूनही आकडा ढिम्म असेल तर फोन बाजूला ठेवा आणि मीटर घ्या.

मीटरचं काम

कपलर काढलेला, इग्निशन ऑन, इंजिन बंद. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल आळीपाळीने दोन्ही पिनांना. एकीवर पाचच्या आसपास दिसायला हवेत. दिसले तर सिग्नलची वायर ठीक. आता काळी प्रोब बॅटरीवरून काढून दुसऱ्या पिनेवर ठेवा. परत पाच आले तर अर्थही ठीक. बॅटरीच्या निगेटिव्हशी पाच येतात आणि दुसऱ्या पिनेशी येत नाहीत, तर अर्थची वायर तुटली आहे. हा दोष सर्वांत जास्त वेळा सुटतो, कारण सगळे 'करंट येतोय का' एवढंच बघतात, परत जातोय का हे कोणी बघत नाही.

दोन्ही पिनांवर शून्य असेल तर सिग्नलची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली. पाचऐवजी १२ दिसले तर तिथेच थांबा, इग्निशन बंद करा. ती वायर कुठल्यातरी बॅटरीच्या वायरीला चिकटली आहे आणि ईसीएमचा जीव धोक्यात आहे.

वायर तुटली की नाही याची खात्री करायला बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर काढा आणि दोन्ही टोकांमध्ये ओहम मोजा. एक ओहमच्या आत हवा. ईसीएमच्या बाजूची पिन कोणती, हे तुमच्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममधूनच घ्या. रंगावरून अंदाज बांधू नका, एकाच रंगाच्या तीन वायरी सापडतात. आणि लक्षात ठेवा, दहा तारांपैकी एकच तार उरलेली वायरही मीटरवर छान पास होते. म्हणून मोजताना वायर हलवा, वाकवा, कपलरजवळ जरा ओढा. आकडा उड्या मारायला लागला की जागा सापडली. इंजिन चालू ठेवून फोनवरचा आकडा बघत हीच हलवाहलव केली तर आणखी छान. दुसरं माणूस मात्र सोबत हवं, आणि पंखा-बेल्टपासून हात, ओढणी लांब.

जोडलेल्या कपलरवर मोजायचं असेल तर टाचणी मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने सरकवा. वायरीच्या आवरणात टाचणी टोचायची सवय अनेक मेकॅनिकांना असते. ते भोक दिसत नाही, पण दोन पावसाळ्यांनी आतलं तांबं काळं पडतं.

तीन वायरींचे सेन्सर

मॅप, थ्रॉटल पोझिशन (हवेची झडप किती उघडली ते सांगणारा) यांना पाच व्होल्ट, सिग्नल आणि अर्थ अशा तीन वायरी. इथे वायर किंवा रेझिस्टर टेकवायचा खेळ करू नका. पाच व्होल्ट आणि अर्थ जोडले गेले तर सामायिक पुरवठाच बसतो आणि गाडी बंद पडते.

मॅप सेन्सर तपासायला बडोद्याची भूमी सोयीची आहे. शहर समुद्रसपाटीपासून ४० मीटरच्या आसपास, म्हणजे इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना मॅपचा आकडा १०० किलोपास्कलच्या जवळ हवा. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदूरला तोच निरोगी सेन्सर ९५च्या आसपास दाखवेल. गाडी सुरू करून आयडलला हा आकडा ३० ते ४०वर यायला हवा. बंद इंजिनलाच ६० किंवा १२० दाखवत असेल तर वायरी तपासायला घ्या.

पाच व्होल्टच्या पिनेवर पाच येत नसतील, किंवा पी०६४१ कोड असेल, तर मीटर तिथेच लावून ठेवा आणि त्या पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत समाधानाची पायरी वाटते.

क्रँक सेन्सरचा (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणाऱ्या) पी०३३५ आला आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर स्टार्टर मारताना फोनवर आरपीएम बघा. शून्यच राहिला तर संशय पक्का. दोन वायरींचा असेल तर रोध मोजता येतो. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या) ओहमवर मोजून उपयोग नाही.

जोड असा द्या

नुसता हिरवट चढ असेल तर निगेटिव्ह काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पिना घासा, पूर्ण सुकू द्या. सॅण्डपेपर नको, पिनेवरचा मुलामा निघतो. त्याच मापाची सुटी पिन कपलरच्या प्रत्येक भोकात घालून काढून बघा. सहज निसटत असेल तर भोकातली पत्ती ढिली आहे. कपलर वायरींसकट मिळतो, तो बदलणं बरं.

कुरतडलेल्या वायरीला चमकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापा. तांबं काळं असेल तर आणखी कापा. नवी वायर ऑटोची, बहुतारी, त्याच जाडीची. घरातल्या वायरिंगची एकतारी इंजिनच्या थरथरीने तुटते. दोन-तीन वायरी जोडायच्या असतील तर जोड एका रेषेत ठेवू नका, पुढे-मागे करा. आधी डिंकवाली हीट श्रिंक नळी वायरीत ओवून घ्या (हे विसरल्याचं सोल्डर झाल्यावरच कळतं), मग चांगल्या पक्कडीने क्रिम्प करा किंवा रोझिनच्या सोल्डरने डाग द्या, नळी तापवून बसवा आणि जोड हलणार नाही असा बांधा. भांड्यांच्या कल्हईवाल्याकडचं ॲसिड इथे चालत नाही. क्रँक सेन्सरच्या वायरी पिळलेल्या असतील तर पीळ तसाच ठेवा. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींना मात्र सोल्डर नको. अनेक ऑक्सिजन सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत घेतात, सोल्डरने ती वाट बंद होते.

शेवटी कपलरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात, आणि लॉकचा 'टक' ऐकू येईपर्यंत दाबा.

मग कोड पुसा, आणि ज्या परिस्थितीत कोड पडला होता तीच परत आणा. फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन गरम आणि ताशी ६० असेल, तर गल्लीत एक चक्कर मारून काही सिद्ध होत नाही. हालोलच्या रस्त्याला लागा. काही कोड एका फेरीत येत नाहीत, दुसऱ्या फेरीत येतात, म्हणून दोन-तीन दिवस अडॅप्टर लावून 'पेंडिंग' (अजून पक्क्या न झालेल्या) कोडांवर नजर ठेवा. पण रोज गाडी बंद केल्यावर तो काढून घ्या, नाहीतर तोच बॅटरी चाटत बसतो.

इतकं करूनही पाच व्होल्ट मिळालेच नाहीत आणि वायरी दोन्ही टोकांनी शाबूत निघाल्या, तर ईसीएमकडे वळावं लागतं. तिथे आधी ईसीएमलाच बॅटरीचे १२ व्होल्ट आणि त्याचा स्वतःचा अर्थ नीट मिळतो का, हे मोजायचं, आणि हे काम डायग्राम हाताशी असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणं शहाणपणाचं. त्याच्याकडे जाताना वरचे सगळे आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. "ईसीएम बदलावा लागेल" असं तो म्हणाला, तर कोणत्या पिनेवर किती व्होल्ट आले ते त्याच कागदावर लिहून मागा.